वाचताना अडखळणारे मूल : डिस्लेक्सियाची वेळीच ओळख

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना उलटला की आपल्या रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात दरवर्षी एक प्रसंग हमखास घडतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आई येते. मुलाचे पोट दुखते, ही तक्रार. पोट सकाळी दुखते, शाळेची वेळ टळली की थांबते आणि रविवारी मुळीच दुखत नाही. जंतांचे औषध देऊन झालेले असते, दृष्टही काढून झालेली असते. तपासणीत काही आढळत नाही. मग डॉक्टर मुलाशी गप्पा मारू लागतात. मूल चुणचुणीत असते. आदल्या दिवशीच्या क्रिकेटच्या सामन्याची हकिकत ते रंगवून सांगते, सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करते. मात्र समोर पहिलीचे पुस्तक ठेवून चार ओळी वाचण्यास सांगितले की त्याचा चेहरा उतरतो. शब्दाखाली बोट ठेवून ते एकेक अक्षर लावते, तिसऱ्या अक्षरापर्यंत पोहोचताना पहिले विसरते आणि शेवटी शेजारचे चित्र पाहून अंदाजाने शब्द सांगते. आई खालच्या आवाजात म्हणते, "डॉक्टर, तोंडी विचारा, सगळं सांगेल. वही उघडली की रडारड. बाई म्हणतात, लक्ष देत नाही. ह्याचे बाबा म्हणतात, लाडावलाय."

हे मूल लाडावलेले नसते, मंदही नसते आणि त्याचे पोट खोटेही दुखत नसते. अशा मुलांपैकी अनेकांना डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाशी निगडित विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. ती कशी ओळखावी, केव्हा ओळखावी आणि ओळखल्यानंतर काय करावे, याची माहिती पालकांना, शिक्षकांना आणि या कार्यास हातभार लावणाऱ्या आपल्या हितचिंतकांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

डिस्लेक्सिया म्हणजे काय?

बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असूनही, डोळे व कान ठीक असूनही आणि शाळेत शिकण्याची पुरेशी संधी मिळूनही ज्या मुलाला शब्द अचूकपणे व सहजतेने वाचणे आणि शुद्ध लिहिणे जमत नाही, त्याला डिस्लेक्सिया आहे असे स्थूलमानाने म्हणता येते. हा आजार नव्हे. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही. मेंदूची भाषेतील ध्वनी हाताळण्याची पद्धत काही व्यक्तींमध्ये जन्मतःच थोडी वेगळी असते, त्याचा हा परिणाम होय. पाहणीची पद्धत व व्याख्या यांनुसार आकडे बदलतात. तथापि शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी शेकडा पाच ते दहा मुलांना कमी-अधिक प्रमाणात ही अडचण असते, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले तरी असणारच.

या अडचणीची वैद्यकशास्त्राला झालेली ओळख फार जुनी नाही. 'डिस्लेक्सिया' हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ च्या आपल्या ग्रंथात वापरला. परंतु त्यांचे रुग्ण मेंदूला इजा झाल्याने वाचन गमावलेले प्रौढ होते. इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. हा मुलगा हुशार होता, गणितात तरबेज होता, त्याची दृष्टी उत्तम होती. तरीही वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते, स्वतःच्या नावातील अक्षरेही तो उलटसुलट लिही. सर्व शिक्षण तोंडी दिले असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकाचे बोलणे आणि आमच्या विभागात बसलेल्या आईचे बोलणे यांत किती साम्य आहे, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

आपल्याकडे हा शब्द घरोघर पोहोचला तो डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे. त्यानंतर मुलांना तपासणीसाठी आणणाऱ्या पालकांचा संकोच पुष्कळ कमी झाला. तथापि त्या चित्रपटातील मुलाची अडचणही तो तिसरीत दुसऱ्यांदा बसला, पालक व शिक्षक त्याच्यावर चिडले, त्याला वसतिगृहात धाडले, तेव्हा कोठे लक्षात आली. इतका उशीर टाळता येतो, हेच आम्हांस सांगावयाचे आहे.

वाचन कसे घडते?

बोलणे मूल आपोआप शिकते. घरात माणसे बोलत असली म्हणजे पुरे, त्यासाठी शाळा लागत नाही. वाचनाचे तसे नाही. वाचन ही शिकवावी लागणारी विद्या आहे. कागदावरच्या खुणा आणि तोंडातून निघणारे ध्वनी यांची गाठ मेंदूत नव्याने बांधावी लागते. ही गाठ बांधण्यापूर्वी मुलाला एक गोष्ट उमगावी लागते, ती अशी की 'कमळ' हे फूल तर आहेच, पण तो क, म, ळ या तुकड्यांनी बनलेला एक आवाजही आहे. हे तुकडे वेगळे ऐकू येणे, ते मनात धरून ठेवणे, पुढे-मागे करणे, या क्षमतेला ध्वनिजाणीव म्हणतात. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांची मूळ अडचण येथे असते. मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासातही असे दिसले आहे की वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचे, ध्वनी व अक्षर यांची सांगड घालणारे भाग या मुलांमध्ये तुलनेने कमी कार्यरत असतात.

दुसरी अडचण वेगाची असते. ओळखीची चित्रे किंवा रंग एका ओळीत मांडून त्यांची नावे भराभर सांगण्यास सांगितले, तर यांपैकी अनेक मुले इतरांपेक्षा जास्त वेळ घेतात. नाव ठाऊक असते, पण ते जिभेवर यायला वेळ लागतो. वाचनात हेच क्षणोक्षणी करावयाचे असल्याने वाचन संथ होते, आणि वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत आरंभीचा अर्थ हातून निसटतो.

मराठी वाचताना येणाऱ्या अडचणी

डिस्लेक्सियाची बहुतेक माहिती इंग्रजी भाषेच्या आधारे लिहिलेली असते, त्यामुळे मराठी माध्यमातील मुलांची लक्षणे ध्यानात येत नाहीत. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. 'सी' हे अक्षर कधी 'क' तर कधी 'स' असे वाचावे लागते. आपली देवनागरी त्या मानाने सरळ आहे, बहुतांशी जसे लिहावे तसे वाचावे. यामुळे डिस्लेक्सिया असलेले मराठी मूल पुष्कळदा अक्षरे लावून शेवटी बरोबर वाचते, परंतु अतिशय सावकाश वाचते. "वाचता येतं, पण वेळ फार लावतो," असे शिक्षक सांगतात आणि अडचण दुर्लक्षित राहते. मराठीत चुकांइतकेच संथपणाकडेही लक्ष द्यावयास हवे.

देवनागरीच्या स्वतःच्याही काही अडचणी आहेत. चौतीस व्यंजने आणि बाराखडीतील बारा रूपे एवढीच धरली तरी चारशेहून अधिक चिन्हे ओळखावी लागतात, जोडाक्षरे निराळीच. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर व्यंजनाच्या आधी काढावी लागते. 'र' तर चार-पाच वेषांत भेटतो, हे 'पर्वत', 'प्रकाश', 'राष्ट्र' आणि 'तऱ्हा' हे शब्द लिहून पाहिले म्हणजे कळेल. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष ही अक्षरे दिसावयास सारखी. त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ, स आणि श हे आवाज कानाला जवळचे. सर्वच मुले येथे काही काळ गोंधळतात. बहुतेक मुलांचा गोंधळ दुसरीच्या अखेरीस बराच निवळतो. तो तसाच टिकून राहिला, काना-मात्रा-वेलांट्या सतत गळू लागल्या, जोडाक्षरे आली की वाचन थांबू लागले, तर चौकशी करणे अगत्याचे आहे.

लवकर ओळखण्याचे महत्त्व

'लहान आहे अजून, मोठा झाला की येईल आपोआप,' हे वाक्य घरातील वडीलधारी माणसे प्रेमापोटी म्हणतात. चालण्या-बोलण्याच्या बाबतीत ते कधी कधी खरेही ठरते. वाचनाच्या बाबतीत मात्र वाट पाहण्याची किंमत मोठी असते. पहिली-दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. तिसरी-चौथीपासून ते वाचून शिकू लागते. तेथपर्यंत वाचन जमले नाही तर परिसर अभ्यास, इतिहास, गणितातील शाब्दिक उदाहरणे असे सारेच विषय बंद दाराआड जातात. जो वाचतो त्याचा शब्दसंग्रह वाढतो, आणि म्हणून तो अधिक वाचतो. जो अडखळतो तो वाचन टाळतो, आणि अंतर वर्षागणिक वाढत जाते.

याहून मोठे नुकसान मनाचे होते. आठ-नऊ वर्षांचे मूल स्वतःविषयी एक मत बनवीत असते. रोज फळ्यापुढे उभे राहून वाचताना वर्ग हसत असेल, वहीवर लाल शेरे पडत असतील, घरी शेजारच्या मुलाशी तुलना होत असेल, तर 'मी ढ आहे' हे मत पक्के होते. पोटदुखी, खोटे बोलणे, वही हरवणे, वर्गात विदूषकी करणे किंवा अगदी गप्प होणे, ही त्याचीच रूपे होत. वाचन पुढे सुधारता येते. हे मत पुसणे फार कठीण जाते. आमच्याकडे पाचवी ते आठवीच्या वर्गांतून प्रथमच येणाऱ्या मुलांच्या बाबतीत समुपदेशकांचा बहुतांश वेळ यातच खर्च होतो.

लवकर ओळख शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर संशोधनाने दिलेले आहे. ऑक्सफर्ड येथील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चारशेहून काही अधिक चार-पाच वर्षांच्या मुलांना, वाचन शिकण्यापूर्वी, शब्दांच्या गटातून वेगळ्या आवाजाचा शब्द ओळखावयास सांगितला आणि पुढे काही वर्षे त्यांच्या वाचनाची नोंद ठेवली. १९८३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की, बुद्धिमत्तेतील फरक हिशेबात घेऊनही, ज्यांना आरंभी आवाजांचे साम्य-भेद ओळखता येत होते ती मुले पुढे वाचनात पुढे राहिली. आवाज ओळखण्यात मागे पडलेल्या पासष्ट मुलांवर त्यांनी शिकवण्याचा प्रयोगही केला. त्यांतील ज्यांना आवाजांचे खेळ आणि सोबत हाताळता येणारी प्लास्टिकची अक्षरे अशी दुहेरी मदत मिळाली, त्यांची प्रगती सर्वांत अधिक झाली. फिनलंडमधील युवास्कुला येथे १९९० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात सुमारे दोनशे मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी साधारण निम्म्या मुलांच्या आई किंवा वडिलांना डिस्लेक्सिया होता. शाळेत जाण्यापूर्वी अक्षरांची नावे लक्षात न राहणे ही पुढील अडचणीची महत्त्वाची पूर्वसूचना असते, असे तेथे दिसून आले.

तात्पर्य, पाच-सहा वर्षांच्या वयात निश्चित निदान करता आले नाही, तरी धोका ओळखता येतो. आणि ज्या खेळांनी मदत होते ते कोणत्याही मुलाला अपाय करीत नाहीत. मग नापास होण्याची वाट कशासाठी पाहावी?

कोणत्या वयात काय पाहावे?

पुढील खुणा निदान म्हणून नव्हे, तर लक्ष ठेवण्यासाठी दिल्या आहेत. एखाद-दुसरी खूण पुष्कळ निरोगी मुलांत दिसते. अनेक खुणा एकत्र आणि सतत दिसल्या तर मात्र तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

तीन ते पाच वर्षे (बालवाडी, अंगणवाडी) : बोलणे उशिरा सुरू झालेले असणे, लांब शब्दांतील अक्षरे सतत उलटसुलट होणे, बडबडगीतांचे यमक न उमगणे, रंगांची, वारांची, ओळखीच्या वस्तूंची नावे आठवण्यास वेळ लागणे, एका वेळी सांगितलेल्या दोन-तीन सूचना लक्षात न राहणे.

पाच ते सहा वर्षे (शिशुवर्ग, पहिलीचा आरंभ) : 'कमळ' आणि 'कणीस' यांचा आरंभ सारखा आहे हे न कळणे, पुष्कळदा शिकवूनही स्वतःच्या नावातील अक्षरे न ओळखणे, काल आलेले अक्षर आज पूर्णपणे विसरणे, टाळी वाजवून शब्दाचे तुकडे पाडता न येणे.

सहा ते आठ वर्षे (पहिली, दुसरी) : अक्षरे सुटी ओळखणे, पण जोडून शब्द न होणे, पहिले अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजाने म्हणणे, धडा पाठ करून वाचल्याचा आव आणणे, फळ्यावरून उतरवून घेण्यास फार वेळ लागणे, काना-मात्रा सतत गाळणे, तोंडी उत्तर व लेखी उत्तर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असणे, शाळेच्या दिवशी सकाळी पोट किंवा डोके दुखणे.

यांखेरीज एक प्रश्न आम्ही प्रत्येक पालकाला विचारतो : घरात आणखी कोणाला असा त्रास होता काय? डिस्लेक्सिया कुटुंबात चालत येतो. आई किंवा वडिलांना असल्यास मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. हा प्रश्न विचारल्यावर, इतका वेळ गप्प बसलेले वडील अनेकदा म्हणतात, "मीही असाच होतो. मास्तरांचा मार खाल्ला आणि दहावीनंतर सोडून दिलं." त्या क्षणापासून घरातील वातावरण बदलू लागते, असा आमचा अनुभव आहे.

काही गैरसमज

पहिला गैरसमज असा की अक्षरे उलटी लिहिणे म्हणजे डिस्लेक्सिया. लिहावयास शिकणारी पुष्कळ मुले सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे व अंक उलटे काढतात, आणि डिस्लेक्सिया असलेली अनेक मुले कधीच काढत नाहीत. दुसरा, हा डोळ्यांचा दोष आहे. डोळ्यांची तपासणी अवश्य करावी, चष्मा लागत असेल तर तो द्यावा; परंतु रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला आधार नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदनाद्वारे स्पष्ट केले आहे. तिसरा, मुलांनाच हा त्रास होतो, मुलींना नाही. मुली बहुधा शांत बसतात, वही नीटनेटकी ठेवतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही. चौथा, दोन-तीन भाषा कानावर पडल्याने हे होते. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असल्याने मुलाचे श्रम वाढतात हे खरे. पण त्यातून डिस्लेक्सिया निर्माण होत नाही. ज्याला तो आहे त्याला कमी-अधिक प्रमाणात दोन्ही भाषांत अडचण येते. पाचवा आणि सर्वांत घातक गैरसमज आळसाचा. रोज दोन तास खर्ची घालूनही ज्याला पान वाचता येत नाही, ते मूल वर्गातील इतरांपेक्षा अधिक श्रम करीत असते.

तपासणी कशी होते?

प्रथम बालरोगतज्ज्ञ मुलाची सर्वसाधारण तपासणी करतात. कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, रक्तक्षय, फिट्स, झोपेचा अभाव यांमुळेही अभ्यासात मागे पडणे संभवते, म्हणून श्रवण व दृष्टी यांची तपासणी प्रत्येक मुलाची होते. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात. यासाठी वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी भारतीय मुलांकरिता मालिन यांनी बेतलेली चाचणी आपल्या नागपुरात तयार झाली, ही उल्लेखनीय बाब होय. पुढे विशेष शिक्षक वाचन, लेखन व गणित यांची चाचणी घेतात.

मुलाची वाचनचाचणी तो ज्या भाषेत शिकतो त्या भाषेत व्हावी, हा आग्रह पालकांनी धरावा. अनेक वर्षे केवळ इंग्रजीतील चाचण्या उपलब्ध असल्याने मराठी शाळेतील मुलांवर अन्याय होत असे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या 'डाली' या संचात मराठी, हिंदी, कन्नड व इंग्रजी या भाषांतील चाचण्या असून, त्यात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शिक्षकांनी भरावयाची स्वतंत्र चाळणी प्रश्नावलीही आहे. अशा साधनांमुळे लवकर ओळखण्याचे काम आता मराठी शाळेच्या वर्गापर्यंत नेता येते.

मदत : शाळेत आणि घरी

डिस्लेक्सियावरील उपाय म्हणजे शिकवणे, मात्र निराळ्या रीतीने. विशेष शिक्षक अक्षर आणि आवाज यांचा संबंध पायरीपायरीने, एका वेळी थोडा, आणि पुनःपुन्हा उजळणी करून शिकवतात. मूल अक्षर पाहते, त्याचा उच्चार करते, ऐकते आणि रेतीत किंवा खरखरीत कागदावर बोटाने गिरवते. डोळा, कान आणि हात एकत्र कामाला लावण्याची ही पद्धत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांच्या कार्यातून १९३० च्या दशकात आकाराला आली आणि तिची अनेक रूपे आज प्रचारात आहेत. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकेकट्याने किंवा लहान गटात, सलग वर्ष-दोन वर्षे असे हे काम चालते. झटपट फळाचे आश्वासन जो देईल त्याच्यापासून पालकांनी सावध राहावे.

घरी करावयाच्या गोष्टींसाठी पैसा लागत नाही. आपल्याकडील जुने खेळ म्हणजे ध्वनिजाणिवेची उत्तम शाळाच होय. गाण्यांच्या भेंड्यांत शब्दाचा शेवटचा आवाज पकडावा लागतो. 'च'ची भाषा बोलताना 'मला पाणी' चे 'चलाम चणीपा' करावयाचे, म्हणजे शब्दाचा पहिला तुकडा सोडवून शेवटी न्यावयाचा. वाचनासाठी नेमकी हीच हातोटी लागते. आजी-आजोबांनी नातवंडांना हे खेळ शिकवावेत. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी, म्हणजे वाचन येईपर्यंत मुलाचा शब्दसंग्रह व गोष्टींची गोडी मागे पडत नाही. चारचौघांत वाचावयास लावू नये. चुकलेला शब्द शंभर वेळा लिहिण्याची शिक्षा देऊ नये. चित्रकला, खेळ, गाणे, दुरुस्तीची हौस, जे मुलाला येते त्याला घरात मानाचे स्थान द्यावे. आणि मुलाला त्याच्या अडचणीचे नाव सांगावे. 'तू ढ नाहीस, तुझ्या मेंदूला अक्षरं निराळ्या वाटेनं शिकावी लागतात,' हे वाक्य ऐकताना मुलांचे डोळे कसे निवळतात ते आम्ही अनेकदा पाहिले आहे.

शिक्षकांनीही थोड्या गोष्टी केल्या तर मोठे साहाय्य होते : मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, फळ्यावरचे कमी उतरवून घेऊ देणे, तोंडी उत्तर स्वीकारणे, शुद्धलेखनाच्या चुका निराळ्या तपासून आशयाचे गुण निराळे देणे.

कायदा, सवलती आणि एक सूचना

अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती देण्यात महाराष्ट्र शासनाने १९९६ साली पुढाकार घेतला. परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट अशा सवलतींनी अनेक विद्यार्थ्यांचा दहावी-बारावीचा मार्ग सुकर झाला. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने अशा अक्षमतेचा समावेश केंद्रीय यादीत केला, आणि त्याच्या कलम १६ ने मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय योजण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर सोपवले.

येथे पालकांना एक महत्त्वाची सूचना करावीशी वाटते. जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ वर्षे ठरविले. लहान वयात चित्र अस्थिर असते, हे त्यामागील कारण रास्त आहे. परंतु यातून 'आठ वर्षांपर्यंत काही करावयाचे नाही' असा समज पसरला, तो चुकीचा आहे. प्रमाणपत्र परीक्षेच्या सवलतीसाठी लागते. मदत सुरू करण्यासाठी कोणत्याही कागदाची गरज नाही. पाच ते आठ ही तीन वर्षेच सर्वांत मोलाची असतात. प्रमाणपत्राचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना प्रचलित परिपत्रक शाळेतून किंवा आमच्या विभागातून समजून घ्यावे.

आपला वाटा

हृदयशस्त्रक्रियेसाठी किंवा डायलिसिसच्या यंत्रासाठी मदत मागताना त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. डिस्लेक्सियाच्या कामात दाखवण्याजोगे यंत्र नाही. येथे लागतात ती माणसे : मानसशास्त्रज्ञ, वाक् व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक, आणि त्यांचा भरपूर वेळ. एका मुलाची तपासणी एका बैठकीत होत नाही आणि त्याचे शिक्षण एका वर्षात संपत नाही. खाजगी ठिकाणी हा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबालाही जड जातो. मोलमजुरी करणाऱ्या आई-वडिलांना तर मुलाला आठवड्यातून दोनदा आणण्यासाठी रोज बुडवावा लागतो. यासाठीच गरजू मुलांची तपासणी व शिक्षण सवलतीत किंवा विनामूल्य व्हावे, आणि विशेष शिक्षकांनी शाळांतच जाऊन पहिली-दुसरीच्या शिक्षकांना या खुणा ओळखण्यास शिकवावे, ही दिशा विश्वस्तांसमोर आम्ही आग्रहाने मांडत आहोत. एक प्रशिक्षित शिक्षिका दरवर्षी एका वर्गाकडे पाहते, आणि तिच्या सेवाकाळात शेकडो मुले तिच्या नजरेखालून जातात. देणगीचा इतका दूरवर पोहोचणारा विनियोग क्वचितच सापडेल.

लेखाच्या आरंभी ज्या मुलाचा उल्लेख केला, ते मूल सातव्या-आठव्या वर्षी आमच्याकडे पोहोचते हेही एका परीने सुदैवच. अनेक मुले कोठेच पोहोचत नाहीत. ती शाळा सोडतात आणि आपण ढ होतो असे आयुष्यभर मानतात. ज्या पालकांनी हा अहवाल हाती घेतला आहे त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाबरोबर भेंड्यांचा एक डाव अवश्य खेळावा. मूल रमले तर आनंदच आहे. ते पुनःपुन्हा अडखळले तर रागावू नये, घाबरू नये आणि वाटही पाहत बसू नये. आमच्या बालरुग्ण विभागाचे दार त्यांच्यासाठी उघडे आहे.